रोअनोकचा कोळसा, घोरपडीचा धूर

कोळसा वाहून श्रीमंत झालेल्या रेल्वेने इंजिनातही कोळसाच जाळावा, यात नवल काही नाही. नवल आहे ते तिच्या हट्टाचं. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या रेल्वे कंपन्या वाफेची इंजिनं भंगारवाल्याला देऊन डिझेलच्या मागे लागल्या होत्या. तेव्हा व्हर्जिनियातली नॉरफोक अँड वेस्टर्न ही प्रादेशिक रेल्वे रोअनोकच्या स्वतःच्या कारखान्यात नवीकोरी वाफेची इंजिनं बांधत होती. त्यातलं शेवटचं डिसेंबर १९५३ मध्ये बाहेर पडलं. नंबर २४४, यार्डात डबे ढकलायचं साधं शंटिंगचं इंजिन. ना त्याचा तोरा, ना त्याच्या वाट्याला कधी भाषणं. पण अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या रेल्वेने आपल्या रुळांसाठी बांधलेलं ते शेवटचं वाफेचं इंजिन ठरलं.

रोअनोक आमच्या घरापासून गाडीने तीनेक तासांवर. ब्लू रिज डोंगरांच्या कुशीतलं हे गाव १८८२ पर्यंत बिग लिक नावाचं एक खेडं होतं. रेल्वे आली, पाठोपाठ रेल्वेचा कारखाना आला आणि खेड्याचं शहर झालं. पश्चिमेकडे व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या सीमेवर पोकाहॉन्टसच्या खाणी. १८८३ साली तिथला पहिला कोळसा पूर्वेला नॉरफोक बंदराकडे निघाला आणि त्यानंतर ही रेल्वे म्हणजे डोंगरातून समुद्राकडे वाहणारी कोळशाची नदीच झाली. गिऱ्हाईक खाणवाले, माल कोळसा, इंधनही तोच. अशा कंपनीने डिझेल विकत घेणं म्हणजे आपल्याच सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाच्या तोंडावर दार लावण्यासारखं होतं.

पण नुसत्या व्यापारी निष्ठेवर कुणी इतकी वर्षं तग धरत नाही. त्यांची इंजिनं खरोखरच उत्तम होती.

मुख्य प्रकार तीन. प्रवासी गाड्यांसाठी 'जे', जलद मालगाड्यांसाठी 'ए' आणि चढावर कोळसा ओढायला 'वाय सिक्स'. 'जे' ची चौदा इंजिनं झाली, १९४१ ते १९५० या काळात. काळंभोर अंग, त्यावर तांबडा पट्टा, कडेने सोनेरी रेघा आणि बंदुकीच्या गोळीसारखं निमुळतं नाक. चाकं सत्तर इंची, म्हणजे वेगवान प्रवासी इंजिनांच्या मानाने लहानच. डोंगरी मार्ग, वळणं आणि चढ पाहून ती तशी ठेवली होती. तरीही पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या सपाट रुळांवर चाचणीला नेलं तेव्हा यातल्या एका इंजिनाने ताशी ११० मैल, म्हणजे १७७ किलोमीटरचा वेग गाठला. आज उरलंय एकच, ६११.

या ६११ चा फोटो मी बाबांना पाठवला, तर त्यांचं उलट उत्तर आलं, "अरे, हे तर आपलं डब्ल्यूपी!" त्यात तथ्य आहे. आपल्याकडच्या ब्रॉडगेज प्रवासी गाड्यांचं ते गोल नाकाचं डब्ल्यूपी इंजिन आधी अमेरिकेतच बांधलं गेलं. पहिली सोळा १९४७ साली फिलाडेल्फियाजवळच्या बाल्डविन कारखान्यातून आली. रोअनोकचा आणि त्यांचा थेट संबंध नाही, पण दोघांच्या तोंडावळ्यावर त्या एकाच काळाची छाप आहे. पुढच्या दोन निरोपांत बाबांनी दौंडच्या फलाटावरच्या आठवणी लिहिल्या आणि मग नेहमीप्रमाणे विचारलं, थंडी किती आहे?

माझा जीव मात्र 'वाय सिक्स' वर. ६११ देखणं आहे, मान्य. पण देखणेपण एका नजरेत संपतं. 'वाय सिक्स' समजून घ्यावं लागतं. या इंजिनाच्या एका बॉयलरखाली चाकांचे दोन स्वतंत्र संच. मागचा संच पक्का बसवलेला, पुढचा वळणावर डावी-उजवीकडे सरकणारा. बॉयलरमधली ताजी, जोरकस वाफ आधी मागच्या पंचवीस इंची सिलिंडरमध्ये जाते. तिथे काम करून ती दमते, दाब उतरतो. एरवी अशी वाफ धुराड्यातून बाहेर सोडली असती. इथे ती मोठ्या नळाने पुढच्या सिलिंडरांकडे जाते. रसवंतीवाला चिपाड दुमडून पुन्हा चरकात घालतो, तसं. दमलेल्या वाफेकडून तेवढंच काम काढायचं तर तिला जागा जास्त हवी, म्हणून पुढच्या सिलिंडरांचा व्यास एकोणचाळीस इंच. समोर उभं राहिलं की ही पिंपं इंजिनाच्या मानाने अवास्तव मोठी वाटतात. एकाच कोळशात दोनदा काम, हा त्यांचा हिशेब.

असली रचना बाकीच्या बहुतेक रेल्वे कंपन्यांनी किचकट आणि संथ म्हणून केव्हाच सोडून दिली होती. रोअनोकच्या लोकांनी ती सोडली नाही, सुधारत नेली. शेवटचं 'वाय सिक्स' १९५२ साली बांधलं. रोअनोकच्या पूर्वेला ब्लू रिजचा चढ लागतो. तिथे कोळशाच्या गाडीला पुढून 'ए' किंवा 'वाय सिक्स' आणि मागून ढकलायला आणखी एक 'वाय सिक्स' लावत. कर्जतला गाडी थांबली की मागे बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लागतो आणि लोणावळ्यापर्यंत ढकलत नेतो, हे ज्याने पाहिलंय त्याला हे दृश्य समजावून सांगायला नको.

आणि नुसती इंजिनं चांगली असून भागत नाही, ती रोज निगुतीने पोसावी लागतात. वाफेचं इंजिन म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती राख, काजळी आणि तेलाची झारी घेऊन चाकांत वाकलेला माणूस. नॉरफोक अँड वेस्टर्नने ते चित्रच बदललं. मोक्याच्या ठिकाणी त्यांनी लांबलचक, उजळ शेड बांधल्या आणि त्यांना ल्युब्रिटोरियम असं भारदस्त नाव दिलं. राख झाडून, गरम पाण्याने धुऊन इंजिन आत यायचं, दोन्ही बाजूंनी माणसं ग्रीसच्या बंदुका घेऊन तयार. तासाभराच्या आसपास इंजिन पुन्हा गाडीला लावायला मोकळं. दुसऱ्या रेल्वेत याच कामात अर्धा दिवस जायचा. धावताना दोनशेहून अधिक ठिकाणी तेल आपोआप पोचेल अशी व्यवस्था 'जे' वर होती, सगळीकडे रोलर बेअरिंग होती. महिन्याला पंधरा हजार मैल धावेल अशा बेताने ते घडवलं होतं. हे आकडे वाचताना माझ्यातला इंजिनियर खूश होतो, खोटं कशाला सांगू.

१९५२ साली त्यांनी सामना लावला. डिझेल बनवणाऱ्या कंपनीची चार जोडलेली इंजिनं एका बाजूला, आपली 'ए' आणि 'वाय सिक्स' दुसऱ्या बाजूला. तीच लाइन, तसलाच माल. निकाल जवळपास बरोबरीचा लागला. दोन्ही बाजूंनी आपापली इंजिनं जरा जास्तच सजवून आणली होती, असं जुने लोक म्हणतात. म्हणत असतील. पण बरोबरी झाली हे कुणी नाकारत नाही, आणि मला तेवढं पुरे आहे.

मग एक शेवटचा जुगारही खेळून झाला. १९५४ साली बाल्डविन-लिमा-हॅमिल्टनकडून एक अचाट यंत्र आलं: कोळशाने वाफ, वाफेने टर्बाइन, टर्बाइनने वीज आणि विजेने चाकं. लांबी १६१ फूट. नाव ठेवलं जॉन हेन्री, लोककथेतल्या त्या हातोडेवाल्याचं, जो यंत्राशी पैज लावतो, जिंकतो आणि तिथेच प्राण सोडतो. इंजिनाला असं नाव ठेवणाऱ्याला गोष्टीचा शेवट ठाऊक नसावा. कोळसा वाचला, पण कोळशाची धूळ विजेच्या यंत्रात शिरायची, बॉयलरच्या पाण्याच्या कटकटी संपायच्या नाहीत. चार वर्षांत ते मोडीत निघालं. ते बनवणाऱ्यांनी तर त्याआधीच, १९५६ मध्ये, रेल्वे इंजिनं बनवणं बंद केलं होतं.

माझ्या मते खरी गोष्ट इथेच आहे. वाफ हरली असं आपण सर्रास म्हणतो, पण रोअनोकच्या रुळांवर ती हरली नव्हती. हरले ते तिचे पुरवठादार. इंजिन कितीही घरचं असलं तरी त्यातले पंप, इंजेक्टर, तेल सोडायची यंत्रं, भट्टीत कोळसा ढकलणारी स्टोकरची यंत्रं बाहेरून यायची. हा माल बनवणारे छोटे कारखाने देशभरातल्या रेल्वेंच्या मागणीवर जगत होते. बाकी सगळे डिझेलकडे गेले तसे एकेक करून त्यांनी शटर ओढलं. एकट्या गिऱ्हाइकासाठी कोण साचे जपून ठेवणार? जो भाग काल कपाटातून काढून मिळत होता, तो आज खास बनवून घ्यावा लागे, चौपट पैसे मोजून.

१९५५ मध्ये पहिली डिझेल आली. १९५८ मध्ये स्टुअर्ट सॉन्डर्स अध्यक्ष झाले. पेशाने वकील; इंजिनांत त्यांचा जीव अडकलेला नव्हता. त्यांनी भराभर डिझेल मागवली आणि मे १९६० मध्ये वाफेवरची शेवटची नियमित गाडी थांबली. ज्या इंजिनांना दहा वर्षंही झाली नव्हती, तीही भंगारात गेली. सॉन्डर्स पुढे पेन सेंट्रल या अवाढव्य रेल्वेचे प्रमुख झाले आणि ती कंपनी १९७० मध्ये दिवाळखोरीत गेली. दोन गोष्टींचा काही संबंध नाही, पण वाफेच्या भक्तांना हे सांगताना जे समाधान होतं ते पाहण्यासारखं असतं.

त्या शेवटच्या पाच वर्षांत ब्रुकलिनचा एक व्यावसायिक छायाचित्रकार, ओ. विन्स्टन लिंक, स्वतःच्या खर्चाने या रेल्वेच्या मागे फिरत होता. जाहिरातीच्या कामासाठी तो जानेवारी १९५५ मध्ये या भागात आला, रात्री स्टेशनवर गेला आणि अडकला. तो फोटो रात्रीच काढायचा, कारण रात्री उजेड कुठून येणार हे त्याच्या हातात असे. शेताच्या कडेने, घरांच्या छपरांवर तारा ओढून फ्लॅशचे दिवे टांगायचे, गावकऱ्यांना जागच्या जागी उभं करायचं आणि गाडी नेमक्या ठिकाणी आली की सगळे दिवे एकदम. एक चूक, की पुढची गाडी येईपर्यंत बसा. आज रोअनोकच्या जुन्या प्रवासी स्टेशनात त्याचंच संग्रहालय आहे. मला त्याचे फोटो कधीकधी जरा जास्त बेतलेले वाटतात. पण पोहण्याच्या खळग्यात डुंबणारी पोरं आणि वरच्या पुलावरून वाफ सोडत जाणारं इंजिन पाहिलं की ही तक्रार गिळावी लागते.

वाचलेल्या इंजिनांच्या कहाण्या मजेशीर आहेत. २३ जानेवारी १९५६ रोजी वेस्ट व्हर्जिनियात टग नदीकाठी, वळणावर वेग जास्त झाल्याने ६११ रुळांवरून उतरून कलंडलं. त्यात ड्रायव्हरचा जीव गेला. इंजिन उचलून कारखान्यात आणलं, पूर्ण दुरुस्त केलं. तीन वर्षांनी निवड करायची वेळ आली तेव्हा सर्वांत ठणठणीत हेच. 'ए' वर्गातलं १२१८ वेगळ्याच वाटेने वाचलं. एका रासायनिक कारखान्याने ते १९५९ मध्ये राखीव बॉयलर म्हणून विकत घेतलं. जिच्यामागे कोळशाचे पावणेदोनशे डबे धावत होते, ती चीज एका कोपऱ्यात वाफ पुरवायला उभी! पण भंगारातून तर सुटली. पुढे क्लेटर बंधूंनी दोन्ही इंजिनांना पुन्हा धावतं केलं. ग्रॅहम क्लेटर सदर्न रेल्वेचे अध्यक्ष होते, धाकटे रॉबर्ट नॉरफोक अँड वेस्टर्नचे आणि मग दोन्ही कंपन्या एक झाल्यावर नॉरफोक सदर्नचे प्रमुख. ६११ १९८२ मध्ये रुळांवर आलं, १२१८ १९८७ मध्ये. रॉबर्ट क्लेटर स्वतः ६११ चालवायचे. कंपनीचा प्रमुखच ड्रायव्हरच्या जागेवर बसतोय म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? १९९४ मध्ये तो खेळ संपला. २०१५ मध्ये लोकवर्गणीतून ६११ पुन्हा सुरू झालं आणि त्याच वर्षी सेंट लुइसच्या संग्रहालयाकडून 'वाय सिक्स' २१५६ काही वर्षांसाठी रोअनोकला उसनं आलं. जे, ए आणि वाय सिक्स, तिन्ही तेवढा काळ पुन्हा एका छपराखाली होती.

रोअनोकच्या वाहतूक संग्रहालयात गर्दी असते ती अर्थात वाफेच्या इंजिनांभोवती. पलीकडच्या रुळांवर काही डिझेल उभी आहेत. तिथे मुलं जात नाहीत, आईबाप फोटो काढत नाहीत. त्यातलं एक नॉरफोक अँड वेस्टर्नचंच, ११३५ नंबरचं, १९६७ साली अल्को कंपनीने बांधलेलं सी-६३० जातीचं. मी त्याच्यासमोर जितका वेळ उभा राहिलो तितका ६११ समोर राहिलो नाही.

कारण माझं बालपण पुण्याच्या घोरपडीत गेलं. मामा तिथल्या डिझेल शेडमध्ये फिटर. मुंबईहून आलेल्या कोयना किंवा महालक्ष्मीचं विजेचं इंजिन पुणे स्टेशनात काढायचे आणि पुढे मिरज-कोल्हापूरसाठी घोरपडीचं डिझेल लावायचे. ते डिझेल म्हणजे डब्ल्यूडीएम-२, मूळ आराखडा अल्कोचा. पहिली १९६२ मध्ये अमेरिकेतून आली, १९६४ पासून वाराणसीत बनू लागली. त्याच्या पोटात २५१ मालिकेचं सोळा सिलिंडरचं इंजिन. ११३५ च्या पोटात तेच, सोळा सिलिंडरचं २५१. मी वाकून खाली पाहिलं. बोगीत, म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या चौकटीत, तीन आस, पण सारख्या अंतरावर नाहीत. दोन जवळ, तिसरा लांब. आमच्या डब्ल्यूडीएम-२ ची बोगी अशीच विषम. ११३५ च्या बोग्या तर आधीच्या एका रेल्वेच्या मोडीत काढलेल्या इंजिनांखालून काढून बसवलेल्या. म्हणजे काटकसरही आमच्यासारखीच.

अजून एक साम्य. नॉरफोक अँड वेस्टर्नचे ड्रायव्हर लांब नाक पुढे ठेवून चालवायचे. केबिन मागे, समोर इंजिनाचं लांबलचक धूड, आणि त्याच्या कडेने जो काही रूळ दिसेल तो पाहायचा. धडक झालीच तर आधी ते लोखंड मार खाईल, हा विचार त्यामागे होता. आपल्याकडेही डब्ल्यूडीएम-२ असंच लांब नाक पुढे करून सर्रास धावायचं. एका बाजूचा सिग्नल ड्रायव्हर बघणार, दुसऱ्या बाजूचा त्याचा सहायक, आणि दोघं एकमेकांना ओरडून सांगणार.

आणि तो धूर! ड्रायव्हरने नॉच, म्हणजे जोर वाढवायचा खटका, वाढवला की डिझेल लगेच जास्त फवारलं जातं, पण हवा पुरवणाऱ्या टर्बोला वेग घ्यायला दमभर वेळ लागतो. तेवढ्या वेळात न जळालेलं तेल काळ्याकुट्ट लोटाने वर जातं. वाळत घातलेल्या कपड्यांवरून आजी रेल्वेला शिव्या घालायची आणि आम्ही पोरं गच्चीवर टाळ्या पिटायचो.

अल्कोचा स्केनेक्टडीचा कारखाना १९६९ मध्येच बंद पडला. ज्या डिझेलने वाफेला घालवलं, त्यातल्या एका मोठ्या घराण्याची गत नऊच वर्षांत तीच झाली. अमेरिकेत मोठ्या रेल्वेंनी अल्को टाकून दिली. ती उरली छोट्या लाइनवाल्यांकडे. भारतात मात्र तोच आराखडा पन्नास वर्षं बनत राहिला आणि सुटे भाग बनवणाऱ्यांची एक अख्खी जमात त्यावर पोसली गेली. आता ब्रॉडगेज जवळपास सगळी विजेवर गेल्यामुळे तिकडेही अल्को मोडीत निघताहेत.

मी एवढा वेळ बोगीखाली डोकं घालून काय पाहतोय, हे विचारायला एक वयस्कर स्वयंसेवक आले. रोअनोकच्या कारखान्यात त्यांचा जन्म गेला होता. नॉरफोक सदर्नने तिथलं इंजिनांचं काम २०२० मध्ये बंद केलं, ते सांगताना त्यांनी तारखेसकट सांगितलं. मी भारतातल्या अल्कोंची गोष्ट काढली तर पहिला प्रश्न आला, "तुमच्याकडेही तेल गळायचं का?"

मी मामाला फोन लावला. इकडे सकाळचे दहा, तिकडे संध्याकाळचे साडेसात. स्पीकरवर टाकून प्रश्न सांगितला. मामाचं इंग्रजी कामापुरतं, पण या विषयाला तेवढं पुरतं. "ऑइल लीक? सर, इफ नो ऑइल लीक, देन नो ऑइल!" म्हातारबुवा असे हसले की ६११ कडची दोन माणसं वळून बघायला लागली. मग दोघांचं टर्बोवरून, हेडच्या गॅस्केटवरून आणि थंडीत इंजिन सुरू करण्यावरून जे सुरू झालं, त्यात मी फक्त फोन धरून उभा होतो. शेवटी मामाने मला मराठीत दटावलं, "त्यांना विचार, अल्कोचं ओरिजिनल मॅन्युअल आहे का. आमचं शेडमधलं झेरॉक्सचं झेरॉक्स होतं, क्रँकशाफ्टच्या पानावर नुसती काळी शाई. पस्तीस वर्षं अंदाजाने वाचलंय मी ते."

मॅन्युअल निघालं. त्यांच्या तळघरातल्या खोक्यात. पुढच्याच आठवड्यात त्या पानाचा फोटो आला, तो मी मामाला धाडला. मामाने भिंग लावून वाचला आणि कळवलं की आकडा बरोबर होता, आता गव्हर्नरची, म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या यंत्राची, पानं पाठव म्हणावं.